सुगीची थकबाकी आणि पाळकांची पाठराखण: एका मंडळीचे प्रकरण

हे प्रकरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चचे, आहे. गावाचे किंवा कोणाही माणसाचे नाव दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा ढोबळ केल्या आहेत. मी त्या मंडळीचा सभासद नाही. शेजारच्या पास्टोरेटमध्ये (एका पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, देखरेखीखालच्या मंडळीत) खजिनदारकी केलेली असल्यामुळे जुने हिशेब पाहायला मला बोलावले गेले आणि पुढे बैठकांनाही बसवून घेतले. त्या कमिटीच्या संमतीनेच हे लिहीत आहे. आपल्या पाळकांवर आणि मंडळीवर मनापासून प्रेम करणाऱ्या, पण तिढा पडला की नेमके काय करायचे हे न सुचणाऱ्या कमिटी सभासदांसाठी हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत आसपासच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. ही त्यातलीच एक. दगडी भिंती, वर कौले, समोर लिंबाचे झाड आणि बाजूला पाळकांचे जुने घर. सव्वाशेच्या आसपास कुटुंबे नोंदवहीत आहेत, त्यातली साठ-सत्तर रविवारी उपासनेला असतात. थोडे बागायतदार, बरेच शिक्षक आणि नर्सा, साखर कारखान्यात नोकरीला असलेले काही जण, आणि शेतमजुरी करणारी पुष्कळ कुटुंबे.

एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे कळत नाही. या मिशनच्या मंडळ्या मूळच्या काँग्रिगेशनल वळणाच्या. त्यात आपला पाळक कोण असावा यात स्थानिक मंडळीचा शब्द मोठा असे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, वेगवेगळ्या परंपरांची सहा चर्चे एक झाली आणि कारभार बिशप व त्यांच्या अखत्यारीतला विभाग, म्हणजे धर्मप्रांत, यांच्याकडे गेला. या धर्मप्रांतात प्रत्येक पास्टोरेट ठरलेला वाटा कार्यालयात भरते आणि पाळकांचे पगार तिथून होतात. पाळकांच्या बदल्याही तिथूनच. व्यवस्था बदलून पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी जुन्या घराण्यांच्या बोलण्यात ‘आमचा पाळक आम्ही ठरवायचो’ हे अजून येते. त्यात गर्व आहे, तशी आपलेपणाची ओढही आहे. मला ती ओढ मोलाची वाटते.

आधीचे पाळक इथे नऊ वर्षे होते. घरोघरी जाणारे, लग्न-मर्तिकाला हजर असणारे, गोड गळ्याचे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने त्यांनी पेटीवर बसून मुलांना शिकवली. हिशेबाच्या बाबतीत मात्र ढिले. पैसे त्यांनी कधी स्वतःकडे ठेवले नाहीत, पण कोणाला पावती मागितली नाही की दिलीही नाही. सगळे खजिनदारकाकांवर सोपवलेले होते. पाळक बदलून गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात खजिनदारकाका वारले.

नवे पाळक जूनमध्ये आले. वय पस्तिशीचे, सोबत पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. पाळकीणबाई आधी शहरातल्या दवाखान्यात नर्स होत्या. बदलीमुळे नोकरी सुटली होती.

पेच कसा पडला

इथे सुगीचा सण नोव्हेंबरात होतो. ज्याने त्याने आपल्या शेतातले, परसातले पहिले फळ आणायचे. बाजरीची पोती, मक्याची कणसे, शेवग्याच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेले कोंबडे, एखादे करडू, आणि नोकरदारांच्या घरचे केक. उपासनेनंतर अंगणात लिलाव. एखादा लाल भोपळा पाचशेला सुटतो, घेणारा तो उचलून परत टेबलावर ठेवतो, ‘पुन्हा बोलीला’ म्हणतो, मग तो आठशेला जातो आणि आणखी एकदा फिरतो. मुले ओरडतात, बायका पदर तोंडाला लावून हसतात. तो एक भोपळा सहा-सात हजार रुपये करून जातो. बोली एका वहीत लिहून घेतात आणि पैसे ‘नंतर’ येतात.

ते ‘नंतर’ साचत गेले होते. तीन-चार वर्षांच्या बोलींपैकी जवळपास पावणेदोन लाख रुपये वहीत येणे दिसत होते. हा सगळा पैसा छपराच्या निधीचा. वाशांना वाळवी लागलेली, पावसाळ्यात वेदीच्या उजव्या बाजूला घमेली ठेवावी लागत. नव्या पाळकांनी वही पाहिली आणि त्यांना ते सहन झाले नाही. सुगीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेतल्या सूचनांच्या वेळी, त्यांनी थकबाकीदारांची नावे आणि आकडे वाचून दाखवले. कमिटीत आधी विषय काढला नव्हता. सेक्रेटरींनाही ते तिथेच कळले.

यादीत सर्वांत वर एका बागायतदारांचे नाव होते, बेचाळीस हजार रुपयांसह. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. चर्चच्या घंटेसाठी त्यांच्या आजोबांनी वर्गणी जमवलेली, आई ऐंशीच्या पुढची आणि तरुणपणी महिला मंडळाची सेक्रेटरी. आण्णा जागेवरून उठले, आईचा हात धरला आणि बाहेर पडले. दारात एवढेच म्हणाले, ‘‘माझ्या आईसमोर मला चोर ठरवलंत.’’

पुढचे भराभर घडले. आण्णांच्या भावकीतली आणि जवळची अशी चौदा कुटुंबे उपासनेला यायची थांबली. बुधवारी संध्याकाळी आण्णांच्या ओसरीवर वेगळी प्रार्थना सभा सुरू झाली. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरला: छपराचा निधी गेला कुठे, नव्या पाळकांनी आल्या आल्या वह्या ताब्यात का घेतल्या? कोणी तरी आधीच्या पाळकांना फोन केला. ते हळहळले आणि ‘मी असतो तर असं झालं नसतं’ म्हणाले. ते वाक्य दोन दिवसांत गावभर झाले. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण झालेल्या नुकसानीत या एका वाक्याचा वाटा फार मोठा आहे.

दुसऱ्या बाजूनेही आग लागली. नव्या पाळकांची बाजू घेणारे तरुण होते. त्यांनी ग्रुपवर आण्णांच्या उसाच्या पैशांचा हिशेब काढला, जुन्या घराण्यांची मक्तेदारी काढली. आपण पाळकांच्या पाठीशी उभे आहोत असे त्यांना मनापासून वाटत होते. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत कोणी प्रेषित पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा झाला होता. तिथे पौलाने आपल्या नावाच्या गटालाही मोकळे सोडले नाही. हे इथे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दान घटले. चौदा कुटुंबांत मंडळीचे मोठे दाते होते. धर्मप्रांताला जाणारा वाटा थकला आणि पाळकांचा पगार आधी अर्धा आला, मग आलाच नाही. नाताळ तसाच गेला.

कमिटीपुढचे मार्ग

जानेवारीत कमिटी बसली. पहिली अडचण अध्यक्षपदाची होती. पास्टोरेट कमिटीचे अध्यक्ष पाळकच असतात आणि विषय त्यांच्याच वागण्याचा. सेक्रेटरींनी त्यांना खासगीत विनंती केली. त्यांनी या विषयापुरते बाजूला होणे मान्य केले आणि धर्मप्रांतातून शेजारच्या एका ज्येष्ठ पाळकांना अध्यक्षस्थानी बोलावले. हा निर्णय छोटा वाटेल, पण पुढचे सगळे त्यामुळे शक्य झाले. पाळक खोलीत असते तर त्यांच्याविषयी खरे कोणी बोलले नसते, आणि त्यांच्या पाठीमागे बैठक झाली असती तर ती कटासारखी दिसली असती.

पहिली सूचना आली ती बिशपसाहेबांकडे शिष्टमंडळ नेऊन बदली मागण्याची. चौघांना ती पटली. तिने आण्णा परत आले असते, हे खरे. पण मग थकबाकी विचारणाऱ्या पाळकाला सहा महिन्यांत घालवता येते हा धडा मंडळीने घेतला असता आणि पुढच्या पाळकाने वही उघडलीच नसती.

दुसरी सूचना उलट टोकाची: नियमावर बोट ठेवून गैरहजर कुटुंबांची नावे मंडळीच्या मतदार यादीतून काढायची. तरुणांना ही आवडली. ज्येष्ठ पाळकांनी ती तिथेच थांबवली. रागाने बाहेर गेलेल्याला दार लावून घेणे ही शिस्त नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

ईस्टरपर्यंत गप्प बसायचे, वेळ जाऊ द्यायचा, असेही काही जण म्हणाले. या सूचनेला सर्वांत जास्त माना डोलल्या. आपल्याकडे शांतता राखण्याच्या नावाखाली हाच मार्ग नेहमी निवडला जातो. महिला मंडळाच्या एका निवृत्त शिक्षिकेने तो मोडून काढला. त्यांना सगळे बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही ईस्टरपर्यंत थांबाल. पाळकीणबाईंनी किराणा कुठून आणायचा तेवढं सांगा मला.’’ मग त्यांनी सांगितले की मुलीची शाळेची फी भरायला पाळकीणबाईंनी हातातल्या बांगड्या गहाण ठेवल्या आहेत. खोलीतल्या कोणालाच हे माहीत नव्हते.

त्यानंतर बोलण्याचा रोखच बदलला. तोवर पाळकांची चूक किती आणि आण्णांची किती, यावर वाद चालला होता. आता प्रश्न आला की चूक ठरेपर्यंत त्या घराने उपाशी राहायचे का. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली पहिली योग्य गोष्ट तिथे घडली: पाळकांचे चुकले असे मानणारे आणि न मानणारे, दोघांनीही त्यांच्या घराची जबाबदारी आपली मानली. पाठिंबा ही सहमतीची पावती नसते. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, कष्ट करणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, त्यांची मजुरी द्या आणि दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवर आरोप घेऊ नका, या दोन्ही सूचना लागोपाठ येतात. आणि त्याच दमात, पाप करणाऱ्याला सर्वांसमोर दोष दाखवा, हेही येते. मंडळीने यातले एकच वाक्य उचलायचे आणि बाकीची सोडायची, असे चालत नाही.

काय केले

*घर.* सर्वसाधारण निधीतून थकलेला वाटा त्याच आठवड्यात कार्यालयात भरला गेला आणि राहिलेला पगार लगेच काढावा म्हणून सेक्रेटरी स्वतः जाऊन बसले. महिला मंडळाने घरोघरी मूठ सुरू केली. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत बायका रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवकार्यासाठी बाजूला काढतात. १९१० पासूनची ही रीत बाईंना ठाऊक होती. इथे ती बाजरी-ज्वारीची झाली. रविवारी पिशव्या यायच्या, वजन करून वहीत लिहायच्या आणि मगच पाळकांच्या घरी जायच्या. वहीत लिहिण्याचा आग्रह बाईंचाच. कोणी एकट्याने पोते नेऊन टाकले की पाळक त्या घराचे मिंधे होतात. मंडळीने दिले की ते मंडळीचे राहते.

पाळकांना संकोच वाटला. त्यांनी पहिल्या रविवारी पिशव्या परत पाठवल्या. बाई त्याच पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. ‘‘पाळकसाहेब, हे दान नाही. तुमच्या पगारात आमच्याकडून जे कमी पडलं ते आहे. परत केलंत तर आमचं देणं तसंच राहील.’’

*हिशेब.* माझे काम इथले. वही, बँकेचे पासबुक आणि सुताराची, गवंड्याची बिले जुळेनात. खर्च झालेला दिसत होता, पण तेवढी रक्कम बँकेतून निघालेली नव्हती. मग खजिनदारकाकांच्या घरी निरोप पाठवला. त्यांच्या पत्नींनी एका कापडी पिशवीत चष्म्याचे घर, दोन शिसपेन्सिली आणि खताच्या कंपनीची फुकट मिळणारी खिशातली डायरी आणून दिली. डायरीत बारीक अक्षरात नोंदी होत्या. त्यातली एक अशी: ‘आण्णा, सुगी, २५ रोख. सुतारास परस्पर दिले. वासे ४.’ सुताराला विचारले. त्याने पंचवीस हजार मिळाल्याचे आणि चार वासे बदलल्याचे सांगितले आणि वर चढून ते वासे दाखवले.

म्हणजे आण्णांची थकबाकी बेचाळीस नव्हे, सतरा हजारांची होती. अशाच आणखी पाच कुटुंबांच्या रकमा मिळाल्या. पावणेदोन लाखांतले साठ हजारांहून जास्त पैसे छपरावर आधीच लागलेले होते. एका रुपयाचीही अफरातफर नव्हती. खजिनदारकाका सचोटीचे होते. हिशेब मात्र त्यांच्या खिशात होता, मंडळीसमोर नव्हता.

इथे मला पौलाने यरुशलेमच्या गरजू ख्रिस्ती बांधवांसाठी जमवलेली वर्गणी आठवली आणि मी ती बैठकीत मांडली. मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांनी ऐपतीपलीकडे दिले, हे आपण दानाच्या रविवारी हमखास ऐकतो. त्याच अध्यायात, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्यात, पौल पुढे सांगतो की तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला आहे, कारण एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आपल्याला दोष देऊ नये. प्रेषितानेही पैसा एकट्याने नेला नाही. आपल्या पाळकांवर आणि खजिनदारांवर विश्वास आहे म्हणून हिशेब मागायचा नाही, ही आपली समजूत प्रेमळ आहे, पण तीच त्यांना उघड्यावर टाकते. खजिनदारकाकांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावावर संशय आला तो याच प्रेमळपणामुळे.

*ओसरी.* बुधवारच्या वेगळ्या सभेला कमिटीच्या माणसांनी जायचे की नाही, यावर बराच वाद झाला. गेलो तर फुटीला मान्यता, नाही गेलो तर फूट पक्की. शेवटी दोघे ज्येष्ठ गेले. जाण्याआधी त्यांनी पाळकांना सांगितले. पाळक म्हणाले, ‘‘जा. माझ्या वतीने काही बोलू नका. आजींना बरं नाही असं ऐकलंय, तेवढं विचारा.’’ दोघे ओसरीच्या कडेला बसले, भजन म्हटले, प्रार्थनेत भाग घेतला, चहा घेतला आणि उठून आले. त्या रात्री थकबाकीचा शब्द काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हा डायरीतल्या नोंदीची प्रत सोबत होती. आण्णांनी ती वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हे त्या दिवशी का नाही विचारलं मला कुणी?’’

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे असा आहे. त्या रविवारी तो क्रम उलटा झाला होता. तो सुलटा करायला दोन महिने लागले.

*व्यासपीठ.* पाळकांना डायरीची गोष्ट सांगितली तेव्हा ते हादरले. त्यांची इच्छा आण्णांच्या घरी जाऊन माफी मागण्याची होती. बाईंनी ती अर्धी मान्य केली. घरी जरूर जा, पण जे वेदीजवळून वाचले ते वेदीजवळूनच दुरुस्त व्हायला हवे. पाळकांच्या बाजूच्या काहींना यात त्यांचा अपमान दिसला. पेत्राचे चुकले तेव्हा पौलाने अंत्युखियात त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांस पत्रात आहे. पेत्राचा मान त्याने गेला नाही. ज्यांना पाळकांबद्दल खरेच आदर आहे, त्यांनीच हे त्यांना सांगायचे असते, कारण बाकीचे पाठीमागे सांगणारच असतात.

फेब्रुवारीच्या एका रविवारी पाळकांनी निवेदन वाचले. ते सहा-सात ओळींचेच होते. यादी चुकीची होती, ती कमिटीला न दाखवता वाचली, त्याने काही कुटुंबांचा मान दुखावला, त्याबद्दल क्षमा मागतो. दिवंगत खजिनदारांवर कसलाही ठपका नाही. हिशेब मात्र यापुढे दर तिमाहीला दारावर लागेल. त्याच दिवशी त्यांनी तरुणांनाही सांगितले की माझ्या बचावासाठी कोणाचे नाव ग्रुपवर घेऊ नका.

*उरलेली थकबाकी.* यावर कमिटी सर्वांत जास्त अडली. देवाला बोललेला नवस फेडावा, असे उपदेशकाचे पुस्तक सांगते, म्हणून एक रुपयाही सोडू नये, असे काहींचे म्हणणे. पण यादीत शेतमजूर कुटुंबेही होती. सणाच्या भरात कोणी तीन हजारांची बोली लावून बसलेले, आणि त्या वर्षी बाजरी करपलेली. शेवटी प्रत्येक घराला बंद पाकिटात आकडा दिला आणि खाली लिहिले की जेवढे जमेल तेवढे कळवा, न जमणारे कळवले तरी चालेल, ते पान बंद होईल. मला हा निर्णय मनापासून पटला. आपल्या भावाची ऐपत गेली आहे हे ओळखून त्याला न लाजवता मोकळे करणे, हाही मंडळीला दिलेला आधारच आहे.

काय झाले

आण्णांच्या आईंची तब्येत मार्चमध्ये खालावली. त्यांनी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी) मागितले, आणि ते आपल्या चर्चच्या पाळकांच्या हातून. आण्णांनी स्वतः फोन केला. पाळक आणि पाळकीणबाई दोघे गेले. पाळकीणबाईंनी आजींच्या पाठीवरची जखम पाहिली आणि त्यानंतर रोज येऊन त्या ड्रेसिंग करू लागल्या. समेटाची बैठक म्हणून वेगळी कधी झाली नाही.

चौदांपैकी आठ कुटुंबे ईस्टरपर्यंत परतली, त्यात आण्णांचे होते. तीन कुटुंबे गावातल्या दुसऱ्या एका प्रार्थना घरात गेली ती तिथेच रुळली. दोन फक्त नाताळला येतात. एक पुण्याला राहायला गेले. आण्णांनी सतरा हजार भरले, पावती घेतली, पण कमिटीवर परत यायला नकार दिला. अजूनही त्यांचा पाळकांशी सलाम असतो, गप्पा नसतात. ज्यांना सगळे पूर्ववत हवे होते त्यांना हे कमी वाटेल. मला तरी एवढ्या दुखावलेल्या माणसाचे दर रविवारी येऊन बसणे फार मोठे वाटते.

छपराचे काम मे महिन्यात झाले. जुने दगड, नवे वासे, तीच कौले. पुढच्या सुगीला अंगणात टेबलाजवळ क्यूआर कोड लावला आणि बोली सुटली की तिथेच पैसे, हा नियम केला. बोली आधीच्या मानाने कमी गेल्या. वहीतला एकूण आकडा घटला, हातात आलेला वाढला. दहा रुपयांपासूनच्या छोट्या वस्तूंचे वेगळे टेबल लावल्यामुळे शेतमजूर बायकांनी पहिल्यांदाच बोली लावली.

पगार नियमित झाला. बांगड्या सुटल्या. महिला मंडळाने मूठ बंद केली नाही. आता ती पिशवी मंडळीतल्या एका विधवा बहिणीच्या घरी जाते.

वेगळे काय करता आले असते

बदलीच्या वेळी हिशेबाचे हस्तांतर व्हायला हवे होते, हे उघड आहे. खजिनदार वारल्यावर त्यांच्या घरी सांत्वनाला सगळे गेले, पण कागदपत्रे कोणीच मागितली नाहीत, कारण ते वाईट दिसले असते. महिन्या-दोन महिन्यांनी दोघांनी जाऊन, त्यांच्या पत्नींसमोर यादी करून, वह्या आणल्या असत्या तर त्या घराचाही मान राहिला असता. यादी वाचली गेली त्याच संध्याकाळी कमिटीने आण्णांच्या घरी जायला हवे होते. पाळकांची बाजू मांडायला नव्हे, नुसते भेटायला. ते व्हायला जानेवारी उजाडला आणि त्या मधल्या काळात सगळी भिंत उभी राहिली.

नव्या पाळकांना कोणी सोबती दिला नव्हता. नव्या गावात, नव्या माणसांत, कोणत्या घराला काय लागते हे सांगणारे कोणी तरी हवे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात, लढाई चालू असताना उंच धरलेले मोशेचे हात अहरोन आणि हूर यांनी धरले ते तो थकल्यावर. पण ते दोघे आधीपासून त्याच्याबरोबर टेकडीवर होते, म्हणून धरता आले. इथे पाळक पाच महिने त्या टेकडीवर एकटे होते. वही वाचून संतापलेल्या पाळकांना त्या शनिवारी रात्री मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्यांनी ‘साहेब, आधी मला दाखवा’ म्हटले असते, तर हे प्रकरण लिहावेच लागले नसते.

पाळकीणबाईंशी थेट कोणी बोलले नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. बांगड्यांची गोष्ट बाईंना कळली ती मुलीच्या वर्गशिक्षिकेकडून. आपल्या मंडळ्यांत पाळकांच्या पत्नीकडून संडे स्कूल, महिला मंडळ, पाहुण्यांचा स्वयंपाक हे सगळे घेतले जाते, पण तिची सुटलेली नोकरी, तिचे एकटेपण कमिटीच्या कार्यपत्रिकेवर कधी येत नाही. आता तिथे बदलून येणाऱ्या पाळकांच्या पत्नीला जवळच्या दवाखान्यात किंवा शाळेत काम मिळवून द्यायला दोघी जणी ठरवून फिरतात.

ग्रुपवर लिहिणारी मुले वाऱ्यावरच राहिली. त्यांना गप्प केले गेले, पण पाळकांवरचे त्यांचे प्रेम चुकीच्या वाटेने का गेले हे त्यांच्याशी बसून कोणी बोलले नाही. त्यातले दोघे आता उपासनेला येत नाहीत. मोठ्यांचे मिटले आणि आपणच वाईट ठरलो, असे त्यांना वाटते, आणि त्यात तथ्य आहे.

बदलून गेलेल्या पाळकांनी जुन्या मंडळीच्या वादात फोनवर काय बोलावे, याविषयी काही लेखी मार्गदर्शन व्हावे, असे पत्र कमिटीने धर्मप्रांताला दिले आहे. त्यावर अजून निर्णय आलेला नाही. तोवर कमिटीने आपल्यापुरते ठरवले आहे: पाळक बदलून जाताना खजिनदार, सेक्रेटरी आणि दोन्ही पाळक एकत्र बसून वह्या, पासबुक, चाव्या आणि येणी-देणी यांची यादी करतील, चौघांच्या सह्या होतील आणि ती पुढच्या रविवारी मंडळीत वाचली जाईल. नावे न घेता.